श्वासाच्या पाळीवरची माणसे



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. माझे शाळेतले शिक्षण दहावीच्या अलीकडेच थांबले. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने, गावच्या वाचनालयाने आणि रात्रीच्या एस. टी. प्रवासाने केले. व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा मी कामगार चळवळीच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची समजूत होती. मी विषय कळवला तेव्हा चिटणिसांचा फोन आला, "विषय लिहिताना काही चूक तर झाली नाही ना?" चूक झालेली नव्हती. फुफ्फुसे बंद पडलेल्या माणसाला जगवण्याची विद्या कशी उभी राहिली, हाच आजचा विषय आहे. मी डॉक्टर नाही. तेव्हा औषधोपचाराचा सल्ला कोणी माझ्याकडे मागू नये. मी फक्त इतिहास सांगणार आहे, आणि तो सांगण्याचे मला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधला एक क्रेनचालक वजन घटवण्याची शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी रुग्णालयात दाखल झाला. वजन एकशे चाळीस किलो. क्रेनच्या शिडीवर चढताना धाप लागे, पाळीवर बसल्याबसल्या डोळा लागे. आणि वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरलो तर काम जाईल ही धास्ती. लोक म्हणाले, खाण्यावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतो आहे. पंचवीस वर्षे फिरत्या पाळीत काढलेल्या माणसाच्या जेवणाचे आणि झोपेचे काय होते हे त्या लोकांना ठाऊक नव्हते. असो. शस्त्रक्रिया ठीक झाली. चौथ्या दिवशी जठराच्या टाक्यांतून गळती झाली, पोटात विषार पसरला, पोट पुन्हा उघडावे लागले, आणि सहाव्या दिवशी फुफ्फुसांनी काम टाकले. व्हेंटिलेटर पुरा पडेना. तेव्हा डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "आता फुफ्फुसांना विश्रांती द्यायची. त्यांचे काम काही दिवस बाहेर करून घेऊ." काम बाहेर देणे हे शब्द ऐकले की आमच्यासारख्याच्या कपाळाला आठी पडते, पण त्या दिवशी मी हात जोडले. त्याच्या बायकोने विचारले, "दादा, हे मशीन आणलं कुणी?" तिला यंत्र बनवणाऱ्या कंपनीचे नाव नको होते. तिच्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे दोन वर्षे शोधत राहिलो.

उत्तराची सुरुवात एका लोखंडी पेटीपासून होते. १९२८ साली अमेरिकेत बॉस्टनला फिलिप ड्रिंकर आणि लुई शॉ यांनी एक हवाबंद टाकी केली. पोलिओने छातीचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णाला तिच्यात निजवायचे, डोके तेवढे बाहेर. टाकीतली हवा ओढली की छाती फुगे, सोडली की बसे. लोक तिला लोखंडी फुफ्फुस म्हणू लागले. तिने पुष्कळांना वाचवले. पण रुग्णाला गिळता येत नसेल तर घशातली लाळ फुफ्फुसात उतरे आणि टाकीला त्याचे काही करता येत नसे. शिवाय यंत्र महाग आणि संख्येने थोडे.

आता डेन्मार्कला येऊ. १९५२ चा उन्हाळा, कोपनहेगन शहर. साथीच्या रोगांसाठी ब्लेग्डाम नावाचे रुग्णालय होते आणि त्याचे प्रमुख होते प्रा. लासेन. त्या वर्षी पोलिओची अशी साथ आली की सहा महिन्यांत २,७०० च्या वर रुग्ण दाखल झाले. त्यांतल्या ३१६ जणांचा श्वास अडला. आणि रुग्णालयाजवळ साधने किती? एक टाकी आणि छातीवर बसवायची सहा कवचयंत्रे. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ गेले. त्यांत मुले पुष्कळ होती.

लासेन यांच्या हाताखाली ब्यॉर्नेबो नावाचे डॉक्टर होते. त्यांनी सुचवले की ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाला बोलवावे. भूलतज्ज्ञाची पायरी त्या काळी खालची. सर्जनने सांगावे तेव्हा झोपवावे आणि सांगावे तेव्हा उठवावे, एवढेच त्याचे काम. साथीच्या रुग्णांच्या वॉर्डात त्याला कोण विचारतो? तरी लासेन यांनी बोलावले, हा त्यांचा मोठेपणा. इब्सेन यांनी कागदपत्रे पाहिली. मेलेल्या मुलांच्या रक्तात कर्बवायूचा अंश फार वाढलेला दिसत होता. तिथले डॉक्टर त्याला रक्तातील क्षार वाढल्याचे लक्षण समजत होते. इब्सेन म्हणाले, क्षार वगैरे काही नाही. या मुलांना श्वास पुरत नाही, आतला कर्बवायू बाहेर पडत नाही, म्हणून तो साठला आहे. प्राणवायू दिल्याने मूल गुलाबी दिसते आणि आपण फसतो.

२७ ऑगस्ट १९५२ रोजी त्यांनी एका बारा वर्षांच्या मुलीवर प्रयोग करून दाखवला. मुलगी शेवटच्या घटकेला टेकली होती. गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवली आणि नळीला रबरी पिशवी जोडली. परंतु हवा आत जाईना; घाबरलेली मुलगी पिशवीविरुद्ध झगडत होती. पाहायला जमलेले डॉक्टर पांगू लागले. तेव्हा इब्सेन यांनी तिला पेंटोथॉलचे इंजेक्शन दिले. तिची धडपड थांबली, तिचा स्वतःचा उरलासुरला श्वासही थांबला, आणि मग पिशवीने हवा आत शिरू लागली. रक्तातला कर्बवायू उतरला. मुलगी वाचली. पुढे जवळजवळ दोन दशके ती जगली, यंत्राच्या आधाराने का होईना.

उपाय सापडला, पण पिशवी दाबणार कोण? तसे यंत्र रुग्णालयाजवळ नव्हते. तेव्हा विद्यार्थ्यांना हाक गेली. सुमारे १,५०० विद्यार्थी आले, मुख्यतः वैद्यकीचे. सहा-सहा, आठ-आठ तासांच्या पाळ्या लागल्या. साथ ऐन भरात असताना एका वेळी सत्तर रुग्ण माणसाच्या हातावर श्वास घेत होते. खाटेच्या उशाशी स्टूल, हातात पिशवी, डोळे मुलाच्या चेहऱ्यावर. मूल पुष्कळदा पुरते शुद्धीत असे. दाबायचे, सोडायचे, पुन्हा दाबायचे. दुसरा येऊन पिशवी हातात घेईपर्यंत उठायचे नाही.

सारे मिळून १,६५,००० तास भरले, अशी नोंद आहे. मी हजेरीपटांत आयुष्य घालवलेला माणूस. मला या आकड्यावर बसून हिशेब केल्याशिवाय राहवले नाही. आठ तासांच्या पाळ्या धरल्या तर वीस हजारांवर पाळ्या होतात. दर विद्यार्थ्यामागे सरासरी ११० तास. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर ती पिशवी सुमारे पंधरा कोटी वेळा दाबली गेली. या आकड्यात खाडा नाही, कारण खाडा झाला असता तर मूल मेले असते. रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण शेकडा सत्याऐंशीवरून शेकडा चाळीसच्या आसपास उतरले आणि पुढे त्याच्याही खाली गेले.

वैद्यकाच्या इतिहासात या घटनेला इब्सेन यांचे नाव आहे आणि ते रास्तच आहे. १९५३ साली त्यांनी कोपनहेगनमध्येच अत्यवस्थ रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग काढला. आज ज्याला आपण आय. सी. यू. म्हणतो त्याचा तो आरंभ मानला जातो. पौल अॅस्ट्रप यांनी रक्तातला कर्बवायू झटपट मोजण्याची रीत त्याच साथीच्या धक्क्याने काढली. स्वीडनच्या एंगस्ट्रॉम यांचे यंत्र आले आणि विद्यार्थ्यांच्या हातातली पिशवी सुटली. पण कोणत्याही व्हेंटिलेटरकडे पाहताना मला ते पंधराशे जण दिसतात. यंत्राने माणसांची जागा घेतली हे आम्ही नेहमी तक्रारीच्या सुरात म्हणतो. इथे मला तक्रार करता येत नाही. आमचा क्रेनचालक एकोणीस दिवस व्हेंटिलेटरवर होता. त्याला आठ तासांचा एक याप्रमाणे सत्तावन्न माणसे मी कुठून आणली असती?

परंतु व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, एवढेच. हवेतला प्राणवायू रक्तात जायचा तो फुफ्फुसाच्या पातळ पडद्यातून. तो पडदाच सुजला, पाण्याने भरला, तर कितीही हवा ढकला, ती वाया. १९६७ साली डेन्व्हरच्या अॅशबॉ, पेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बारा रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. कोणी अपघातात सापडलेला, कोणाला संसर्ग. मूळ आजार वेगळे, पण फुफ्फुसांची गत एकच. बारांपैकी सात गेले. या विकाराला आता ए. आर. डी. एस. म्हणतात. पोटातल्या गळतीने आमच्या माणसाला जे झाले ते हेच. पोटाची आग फुफ्फुसाला लागते, कारण सारे रक्त तिथूनच फिरते.

अशा वेळी रक्तच बाहेर काढून, प्राणवायू भरून परत आत सोडावे, ही कल्पना कोणाची? इथेही कथेच्या आरंभी शस्त्रक्रियेनंतरचे एक फुफ्फुसच आहे. १९३०-३१ मधल्या एका रात्री बॉस्टनच्या रुग्णालयात जॉन गिबन नावाचा तरुण डॉक्टर एका बाईच्या उशाशी बसला होता. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर पायातली रक्ताची गुठळी सुटून तिच्या फुफ्फुसाच्या रोहिणीत अडकली होती. त्याने रात्रभर तिची नाडी आणि रक्तदाब टिपत राहायचे, एवढेच त्याला सांगितलेले. सकाळी ती कोसळली. वरिष्ठ सर्जन चर्चिल यांनी काही मिनिटांत छाती उघडून गुठळ्या काढल्या, तरी ती वाचली नाही. रात्रभर गिबनच्या मनात एकच होते: हिच्या शिरांतले काळे रक्त काढून, लाल करून, रोहिणीत घालता आले तर?

त्यानंतर वीस-बावीस वर्षे तो आणि त्याची पत्नी मेरी यांनी या एका गोष्टीपायी घालवली. मेरी प्रयोगशाळेत त्याच्याबरोबरीने काम करी. प्रयोगाला मांजरे लागत, ती बॉस्टनच्या रस्त्यांवरून मासळीचे आमिष दाखवून पोत्यात घालून आणली जात. पुढे आय. बी. एम. कंपनीच्या इंजिनिअरांचे साहाय्य मिळाले. ६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात एका अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातले भोक गिबनने बुजवले तेव्हा २६ मिनिटे तिच्या हृदयाचे आणि फुफ्फुसांचे काम संपूर्णपणे यंत्राने केले. ती बरी झाली. नंतरचे रुग्ण मात्र दगावले आणि गिबनने आपण होऊन ते काम थांबवले. विद्या पुढे दुसऱ्यांनी नेली.

ते यंत्र काही तासांचे. त्यात रक्त आणि हवा यांची उघडी गाठ पडे आणि रक्त बिघडे. दोघांमध्ये पडदा हवा होता. त्याची चाहूल डच डॉक्टर विलेम कोल्फ यांना लागली होती. जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमध्ये सॉसेजसाठी वापरतात त्या सेलोफेनच्या नळीचे त्यांनी कृत्रिम मूत्रपिंड केले. त्या नळीतून जाताना रक्त लाल होते हे त्यांनी पाहिले. मग सिलिकॉन रबराचे पडदे आले. १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बरा येथे डोनाल्ड हिल यांनी रस्त्यावरच्या अपघातात छिन्नविच्छिन्न झालेल्या चोवीस वर्षांच्या तरुणाला ७५ तास अशा पडद्याच्या फुफ्फुसावर ठेवले आणि तो वाचला. १९७५ मध्ये रॉबर्ट बार्टलेट यांनी त्याच राज्यात एका नवजात मुलीला वाचवले. तिची आई मेक्सिकोहून आलेली. परिचारिकांनी मुलीचे नाव ठेवले एस्परान्झा. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ आशा.

आशा लवकरच मावळली. अमेरिकेत नऊ केंद्रांवर ९० रुग्णांची सरकारी चाचणी झाली. १९७९ मध्ये निकाल छापला गेला. यंत्रावरच्या ४२ पैकी चार वाचले. यंत्राविना ठेवलेल्या ४८ पैकीही चारच. प्रौढांसाठी बहुतेकांनी हा नाद सोडला. थोड्यांनी सोडला नाही. बार्टलेट नवजात बालकांवर काम करत राहिले. त्यांच्याबरोबरची केंद्रे १९८९ मध्ये एका संस्थेत एकत्र आली आणि प्रत्येक रुग्णाची, जगलेल्याची आणि मेलेल्याची, नोंद ठेवू लागली. हे मला युनियनच्या कामासारखे वाटते. संप फसल्यावर कचेरीला कुलूप न लावता वही लिहीत बसणारा एक तरी कारकून लागतो.

दरम्यान दुसरीच गोष्ट उघडकीस आली. रुग्णाला वाचवणारा व्हेंटिलेटरच त्याची फुफ्फुसे फाडतो. मिलानच्या गॅटिनोनी यांनी दाखवले की या विकारात फुफ्फुस कडक होण्यापेक्षा लहान होते. मोठ्या माणसाच्या छातीत जणू मुलाचे फुफ्फुस उरते, आणि आपण त्यात मोठ्या माणसाची हवा कोंबतो. २००० साली अमेरिकेतल्या ८६१ रुग्णांच्या चाचणीने पुरावा दिला: थोडी हवा दिली तर मृत्यू शेकडा ३१, जास्त दिली तर जवळजवळ ४०. हवेचे माप काढायचे ते उंचीवरून, वजनावरून नव्हे. हे लठ्ठ माणसासाठी फार महत्त्वाचे आहे. माणूस एकशे चाळीस किलोचा झाला म्हणून त्याची फुफ्फुसे दुप्पट होत नाहीत. उलट तो उताणा निजला की पोटाचा भार पडद्याला वर रेटतो आणि फुफ्फुसांचे तळ मिटतात.

लठ्ठपणा आणि श्वास यांचे नाते वैद्यकाला उशिराच उमगले. १९५६ मध्ये बर्वेल यांनी ज्या रुग्णाची हकिगत लिहिली तो एक व्यापारी अधिकारी होता. पत्त्यांच्या डावात हातात उत्तम पाने असताना त्याला झोप लागली आणि डाव हातचा गेला. तेव्हा तो रुग्णालयात आला. डिकन्सच्या कादंबरीतल्या झोपाळू जाड्या पोरावरून त्यांनी या विकाराला पिकविकचे नाव दिले. आमच्या क्रेनचालकाला पाळीवर डुलकी लागे म्हणून दोन मेमो मिळाले होते. ते मेमो मीच हातात घेऊन फिरलो होतो; त्याला दम भरून. तो आळस नसून रात्रभर अडणारा श्वास असू शकतो, हे मला तेव्हा कोणी सांगितले नव्हते. म्हणजे, मी विचारले नव्हते.

वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मी आटोपता घेतो. १९५४ मध्ये मिनेसोटाच्या क्रेमेन, लिनर प्रभृतींनी आतड्याचा मोठा भाग वगळण्याची रीत प्रसिद्ध केली. तिने वजन उतरे, पण यकृत बिघडे. १९६६ मध्ये आयोवाच्या एडवर्ड मेसन यांनी जठराला वळसा घालणारी शस्त्रक्रिया सुरू केली. १९९० नंतर ती दुर्बिणीतून, लहान छेदांनी होऊ लागली. आता ती पुष्कळ सुरक्षित आहे, हे सांगितले नाही तर मी अन्याय करीन. अमेरिकेतल्या दहा रुग्णालयांतील ४,७७६ रुग्णांची पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तीस दिवसांत हजारी तीन मृत्यू होते. पण हजारातले ते थोडे कशाने जातात? पायातून सुटलेली गुठळी, म्हणजे गिबनच्या त्या रात्रीचीच. किंवा टाक्यांची गळती, आणि तिच्या मागून येणारी फुफ्फुसांची पडझड.

आणि अशा रुग्णाला रक्त बाहेर फिरवणाऱ्या यंत्रावर, म्हणजे एक्मोवर, घ्यावे की नाही यावर वाद होता. एकतर त्या यंत्रात रक्त गोठू नये म्हणून ते पातळ ठेवावे लागते, आणि पोटातले टाके ताजे असतात. म्हणजे इकडे गोठणे आणि तिकडे गळणे. दुसरे, जाड माणसाच्या मांडीतल्या आणि मानेतल्या शिरेत बोटाएवढी नळी घालणे कठीण. २००९ मध्ये ब्रिटनच्या १८० रुग्णांच्या चाचणीने एक्मोच्या केंद्राकडे पाठवण्याच्या बाजूने कौल दिला: सहा महिन्यांनी धडधाकट जिवंत शेकडा ६३, नाही तर ४७. त्याच वर्षीच्या स्वाइन फ्लूच्या साथीत ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये यंत्रावर घेतलेल्या ६८ जणांतले बहुसंख्य वाचले. त्या साथीत लठ्ठ माणसे फार आजारी पडली होती. २०१८ मध्ये फ्रान्सच्या पुढाकाराने झालेल्या २४९ रुग्णांच्या चाचणीत मृत्यू ४६ वरून ३५ वर आले, परंतु संख्याशास्त्राच्या काट्यावर ते पुरेसे ठरले नाही. त्या चाचणीत अतिलठ्ठ माणसाला प्रवेशच नव्हता. नियम करणाऱ्यांची त्यात दुष्टबुद्धी होती असे मी म्हणत नाही. पण ज्याला तपासात घेतलेच नाही त्याच्याविषयी पुरावा नाही म्हणून त्याला उपचार नाही, ही चक्की मी कामगार न्यायालयात पुष्कळदा फिरताना पाहिली आहे. पुढे नोंदवह्या तपासल्या तेव्हा दिसले की केवळ वजन अधिक म्हणून यंत्रावरचे मृत्यू वाढत नाहीत.

आमच्या माणसाला यंत्रावर घेतले ते अकरा दिवस. मिनिटाला चार-साडेचार लिटर रक्त मांडीतून निघे, काळेभोर. हाताच्या पंजात मावेल एवढ्या डब्यातल्या पोकळ तंतूंभोवतून जाई आणि लालभडक होऊन मानेत परते. मी काचेतून पाहत असे. खर्चाचे म्हणाल तर कंपनीचा विमा पाचव्या दिवशी संपला. कर्मचारी विम्याच्या पगारमर्यादेच्या बाहेर तो केव्हाच गेला होता. तिन्ही पाळ्यांनी एकेक दिवसाचा पगार दिला, तरी घर गहाण पडले. ते अजून सुटलेले नाही.

यंत्राशेजारी रात्रंदिवस एक माणूस बसलेला असे. हातात विजेरी. दर थोड्या वेळाने नळ्यांवर उजेड पाडून कुठे काळी गुठळी धरते का हे पाहायचे, आकडे टिपायचे. रात्री बहुधा एक केरळची मुलगी असे. मी तिला पाळी विचारली. बारा तास, म्हणाली. माणूस आला नाही तर पुढेही. नोकरी कंत्राटावर. मी तिला कोपनहेगनची गोष्ट सांगितली नाही, कारण तेव्हा ती मलाच ठाऊक नव्हती.

क्रेनचालक वाचला. आता स्टोअरमध्ये बसून काम करतो, नव्वद किलोचा आहे, जिना चढताना अजून थांबतो. त्या दिवसांतले त्याला काही आठवत नाही. घरी आल्यावर त्याने पहिल्यांदा विचारले, "दादा, रात्री कोण असायचं माझ्यापाशी?" दोन महिन्यांनी आम्ही दोघे पेढे घेऊन रुग्णालयात गेलो. खिडकीवरच्या बाईने रजिस्टर उलटून पाहिले. कंत्राट मागच्याच महिन्यात बदलले होते. जुन्या मुलींची नावे तिच्याकडे नव्हती. पेढे आम्ही रात्रपाळीला नव्याने आलेल्या मुलींना दिले.